फेब्रुवारीतला समुद्र

"वर बघ. अजून वर. डोळा मिटू नकोस म्हटलं ना?"

हळबे बाईंनी अंगठ्यानं माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढून धरली होती आणि खिडकीच्या उजेडात मान वाकडी करून आत काय दिसतंय ते त्या बघत होत्या. अंगठ्याला खडूचा वास होता. मागे सहावी 'ब'चा सगळा वर्ग श्वास रोखून बसला होता. एक डोळा झाला, दुसरा झाला. मग जीभ. मग नखं आणि तळहात.

"किती दिवस होती म्हणालीस कावीळ?"

"अकरा दिवस, बाई."

"डॉक्टर कोण?"

"डॉक्टर नाही, बाई. मामाच्या गावाला माळ घातली होती."

हे उत्तर आईनं माझ्याकडून पंधरा वेळा घोकून घेतलं होतं. सोलापूरकडच्या आमच्या तालुक्याच्या गावात कावीळ झाली म्हणून डॉक्टरकडे कोणी जात नसे. एखादा जाणता माणूस मंत्र पुटपुटत डोक्यावर बारीक काड्यांची माळ घाली. कावीळ उतरेल तशी ती माळ लांबत जाई, आणि गळ्यावरून, पोटावरून उतरत पायाशी पडली की माणूस बरा. मग माळ नदीला सोडायची. म्हणजे डॉक्टरचा दाखला नाही, औषधाची चिठ्ठी नाही आणि माळही शिल्लक नाही. आईनं आजार फार विचार करून निवडला होता.

बाईंनी माझा हात उलटसुलट केला आणि स्वतःचा गोरा हात त्याच्या शेजारी धरला.

"काविळीनं माणूस पिवळं पडतं गं. तू काळी कशी पडलीस?"

वर्ग खिदळला. याचं उत्तर आईनं शिकवलं नव्हतं.

"आई उन्हात बसवायची, बाई. कोवळ्या उन्हात."

"अस्सं. आणि बाहेरचं काय खाल्लं होतंस?"

हेही शिकवलं नव्हतं. शाळेच्या फाटकासमोर कोंडिबाची रसवंती होती. त्याच्या चरकाचं चाक फिरायचं तेव्हा त्याला बांधलेले घुंगरू वाजायचे, आणि तो आवाज त्या क्षणी खिडकीतून येत होता.

"रस प्यायले होते," मी म्हणाले.

"उसाचा? अगं, काविळीवर रस देतात. तुला रसानंच कावीळ झाली?"

"रसानं नाही, बाई. बर्फानं."

बाईंनी हात सोडला. "बस जागेवर," त्या म्हणाल्या. पण तास संपेपर्यंत फळ्यावर दोन ओळी लिहिल्या की त्या एकदा मागे वळून माझ्याकडे बघत होत्या.

हळबे बाईंचा संशय अख्ख्या गावाला ठाऊक होता. मुली शाळा बुडवून ज्या सबबी सांगत, त्यांची बाईंकडे वेगळी वही होती म्हणतात. एकदा त्यांनी एका मुलीला सगळ्यांसमोर विचारलं होतं, "ही तुझी आजी कितवी? दोन तर मागच्या वर्षीच वारल्या." तेव्हापासून आमच्या वर्गातल्या आज्या दीर्घायुषी झाल्या होत्या. म्हणून तर आईनं कोणाला मारलं नाही, मला आजारी पाडलं.

खरी गोष्ट एवढीच की आम्ही समुद्र बघायला गेलो होतो.

माझे वडील, त्यांना मी नाना म्हणायचे, शिंपी होते. बाजारपेठेत 'लचके टेलर्स' नावाचं आमचं दुकान होतं आणि आमच्या कन्याशाळेचे गणवेश नानाच शिवत. शाळेला सुटी लागली की आमच्या दुकानात कामाचा डोंगर. दिवाळीत नवे कपडे, मे महिन्यात लग्नसराई, आणि तिची पाठ फिरते न फिरते तोच गणवेश. सगळ्या जगाला सुटी असते तेव्हा शिंप्याला मान वर करायला फुरसत नसते. आईनं लग्न ठरताना म्हणे एकच गोष्ट मागितली होती, एकदा समुद्र दाखवा. त्याला बारा वर्षं झाली होती आणि मी अकरा वर्षांची झाले होते.

त्या दिवाळीनंतर आईनं कुठूनतरी गुहागरच्या ओकांचा पत्ता मिळवला. त्यांच्याकडे राहण्याजेवणाची घरगुती सोय होती. नानांनी पत्र टाकलं. ओकांचं उत्तर आलं ते नानांनी दुकानात मशीनवर बसूनच वाचलं आणि पायट्यावरचा पाय काढला.

"मे महिन्यात आणि दिवाळीत दुप्पट," ते आईला म्हणाले. "फेब्रुवारीत आलात तर निम्म्यात करू, शिवाय सोलकढी आमच्याकडून. आता मला सांग, समुद्र तोच, खोली तीच, जेवण तेच. मग मे महिन्यात दुप्पट कशाचे?"

"गर्दीचे," आई म्हणाली.

"गर्दी काय ओक आणतात? आपणच जातो ना ती? म्हणजे गर्दी आपणच करायची आणि वर तिचे पैसेही आपणच भरायचे."

"मग फेब्रुवारीत जाऊ. तेव्हा तुमचं मशीनही रिकामं असतं."

"आणि उजूची शाळा? हळबे बाई आहेत तिला." नानांनी पत्राची घडी घातली. "राहू दे. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही."

हे वाक्य नाना महिन्यातून चारदा म्हणत आणि त्यावर आई नेहमी गप्प बसे. त्या दिवशी नाही बसली.

"मग आजाराचं आणू," ती म्हणाली.

गुहागरला आम्ही सहा दिवस होतो. समुद्राबद्दल मी फार सांगत बसत नाही. पण आई गुडघ्यापर्यंत लुगडं धरून लाटेत उभी राहिली आणि पायाखालची वाळू सरकली तशी किंचाळून हसायला लागली, ते हसू मी त्याआधी ऐकलं नव्हतं. मी दिवसभर उन्हात. "डोक्याला बांध गं काहीतरी, रापशील," असं आई म्हणायची आणि पुन्हा स्वतःच पाण्यात धावायची.

ओकांच्या दुसऱ्या खोलीत आणखी एक कुटुंब उतरलं होतं. त्यांना माझ्याएवढे दोन मुलगे. पहिल्याच संध्याकाळी त्या मुलांच्या वडिलांनी नानांना विचारलं, "तुमच्या शाळेला सुटी आहे वाटतं?"

"हो. तुमच्या?"

"आमच्याही."

झालं. चोराच्या मनात चांदणं. त्यानंतर सहा दिवस दोघे बाप एकमेकांना चुकवत होते. एक किनाऱ्यावर आला की दुसरा बागेत. नानांनी आपण पुण्याचे म्हणून ठोकून दिलं होतं. त्या गृहस्थांनी कोल्हापूर सांगितलं, आणि त्यांच्या बायकोनं आईला सांगलीचं नाव सांगितलं. जेवताना सगळे खाली माना घालून जेवायचे, आणि ओक हसून वाढायचे. त्यांना काय, फेब्रुवारीत येणारं गिऱ्हाईक त्यांना चांगलं ठाऊक असणार.

मला त्या सहा दिवसांचा पश्चात्ताप नाही, हे आत्ताच सांगून टाकते. पुढचं जे आहे त्याचा आहे. आता माझा मुलगा शाळेत जातो, आणि त्याच्या वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर दर वर्षी एप्रिल उजाडला की तिकिटांच्या भावाचं रडगाणं सुरू होतं. मागच्या वर्षी एका आईनं लिहिलं, जानेवारीतच जाऊन या, अर्जात डेंग्यू टाका, डेंग्यू चालतो. तिच्या खाली तीस जणांनी वर केलेले अंगठे टाकले. मी फोन पालथा घातला आणि स्वयंपाकाला लागले.

गुहागरहून आल्यावर आईनं मला चार दिवस घराबाहेर काढलं नाही. कावीळ आठवड्यात बरी होत नाही, असं तिचं म्हणणं. मग सोमवारी मी शाळेत गेले आणि हळबे बाईंनी माझी पापणी ओढली.

त्याच आठवड्यात शाळेतल्या दोन मुलींना ताप येऊन उलट्या झाल्या. मोठ्या बाई घाबरल्या. कोणाकोणाला काय झालंय ते प्रत्येक वर्गातून विचारून गेल्या, आणि शुक्रवारी नगरपालिकेचा माणूस स्कूटरवरून आला. मधल्या सुटीत आम्ही फाटकाशी धावलो तेव्हा कोंडिबाच्या चरकाला काथ्यानं आवळून बांधलेलं होतं आणि वर एक कागद चिकटवला होता. बर्फाची लाकडी पेटी रस्त्यावर उपडी केलेली. भुसा आणि पाणी गटारीपर्यंत वाहत गेलं होतं.

कोंडिबा आणि त्याची बायको इंदूमावशी पुरंदरकडचे. दर वर्षी संक्रांत झाली की ते चरक घेऊन आमच्या गावात यायचे, फाटकासमोर मांडव घालायचे आणि मृग लागेपर्यंत राहायचे. तेवढ्या महिन्यांत वर्षाचं कमवायचं. बाकीचे महिने गावाकडे कोरडवाहू तुकडा आणि दुसऱ्याच्या बांधावरची मजुरी. इंदूमावशी आम्हा मुलींना अर्ध्या ग्लासाच्या पैशात पाऊण ग्लास भरून द्यायची आणि वर म्हणायची, "सांगू नगा ह्यांना."

शाळा सुटल्यावर मी मान खाली घालून मांडवासमोरून जात होते.

"ए पोरी," इंदूमावशीनं हाक मारली. ती बांधलेल्या चरकाला टेकून बसली होती. "तुलाच झाली व्हती न्हवं कावीळ? शिंप्याची न्हवं तू?"

मी मान हलवली.

"आता बरं हाय का? जेवन जातंय?"

"जातंय."

"बरफ त्या कारखान्याचा येतो गं. आमाला काय ठावं त्यात कसलं पानी असतंय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "आमच्या हातनं झालं म्हनायचं. राग धरू नगंस."

मी पळत घरी आले आणि आईला सगळं सांगितलं. आई लसूण सोलत होती. तिचे हात थांबले. रात्री नाना जेवायला बसले तेव्हा मी त्यांनाही सांगितलं.

"त्यांचा बर्फ खराबच असतो," नाना म्हणाले. "आज ना उद्या कोणीतरी बंद केलंच असतं."

"पण मी खोटं सांगितलं ना."

"उजे, शाळेला हे कळलं तर गणवेश दुसऱ्याकडे जातील. निम्मं घर त्याच्यावर चालतं." त्यांनी ताटातली भाकरी मोडली आणि तशीच ठेवली. "आठ दिवसांत उघडेल त्याचं. नगरपालिकेला काय, दोन दिवस गाजावाजा करायचा असतो."

आठ दिवस झाले, उघडलं नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं आणि ते मी एकटीच रोज जाता-येता बघत होते. कोंडिबा दिवसभर नगरपालिकेच्या पायरीवर बसून यायचा. आणलेला ऊस मांडवात वाळत चालला होता.

पुढच्या रविवारी सकाळी आमच्या दारात छत्री टेकवून हळबे बाई उभ्या राहिल्या.

आई इतकी गडबडली की चहात साखर दोनदा पडली. बाईंनी चहा घेतला. भिंती बघितल्या, कोनाडा बघितला, खुंटीला अडकवलेली माझी ओढणी बघितली. मग म्हणाल्या, "कावीळ उलटते हो. नदीपलीकडे एक बुवा आहेत, हात धुऊन कावीळ उतरवतात. आज रविवार, त्यांचा वार आहे. म्हटलं, उज्ज्वलाला घेऊन जावं. अंगात काही राहिलं असेल तर निघून जाईल."

"कशाला बाई तुम्हाला त्रास," आई म्हणाली.

"त्रास कसला? माझ्या वर्गातली मुलगी ती."

मुलीला कावीळ झाली होती असं सांगणाऱ्या आईला नाही म्हणता येईना. तिनं माझी वेणी घातली.

नदीपर्यंत बाई छत्री टेकत पुढे चालत होत्या. मला सगळं लख्ख दिसत होतं. माझ्या अंगात कावीळ नव्हती, कधीच नव्हती. बुवा हात धुणार, पाणी पांढरंच राहणार, बाई माझा कान धरणार. मग शाळा, गणवेश, नाना. आणि खरं सांगते, मनात कुठेतरी वाटत होतं, राहू दे पाणी पांढरं. एकदाचं काय ते होऊन जाऊ दे, आणि ते चाक सुटू दे.

बुवांच्या अंगणात सात-आठ माणसं बसली होती. माझी पाळी आली. त्यांनी माझ्या हातांना कोपरापर्यंत कसलीशी तपकिरी पूड चोळली, तोंडानं काहीतरी पुटपुटले आणि पितळी परातीवर हात धरायला लावून वरून चुन्याची निवळी ओतली. हात चोळायला लागले. परातीत पाणी उतरलं ते हळदीसारखं पिवळंधमक.

"हे बघा," बुवा म्हणाले, "केवढी राहिली व्हती."

"हे पिवळं कसं झालं?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"का गं?" बाई शांतपणे म्हणाल्या. "व्हायला नको होतं?"

मी परातीकडे बघत राहिले. मला वाटलं, मला खरंच कावीळ झाली होती की काय? आईला ठाऊक होतं आणि तिनं मला सांगितलं नाही की काय? अकरा वर्षांच्या डोक्यात काय काय येतं. आणि मग दुसरा विचार आला आणि मला रडूच फुटलं. आता कोंडिबाचं चाक कधीच सुटणार नव्हतं. माझं खोटं सगळ्यांदेखत खरं ठरलं होतं.

"बुवा, आता माझे हात घ्या," बाई म्हणाल्या आणि त्यांनी बांगड्या वर सारल्या.

"तुमाला काय झालंय बाई?"

"बघा तर."

बुवांनी नाखुशीनं पूड चोळली, निवळी ओतली. पाणी पिवळं. थोडं जास्तच.

"तुमच्या अंगातबी हाय की," बुवा म्हणाले.

"असणारच. मास्तरकीत काही ना काही अंगात राहतंच," बाई म्हणाल्या, दक्षिणा ठेवली आणि उठल्या.

पुलाच्या कठड्यापाशी त्या थांबल्या. "मी पाण्याकडे बघतच नव्हते," त्या म्हणाल्या. "ते सगळ्यांचंच पिवळं होतं, मला ठाऊक आहे. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते. आजारी पोरीला कावीळ निघाली की हायसं वाटतं. तुला भूत दिसल्यासारखं झालं. आता सांग, कुठे गेला होतात?"

"गुहागरला." मग मी सगळंच सांगितलं. ओकांचं पत्र, सोलकढी, आईचं हसणं. बर्फाचंही सांगितलं.

बाईंचा चेहरा एकदम उतरला. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. "मला पहिल्या दिवसापासून पटलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण मोठ्या बाईंनी विचारलं तेव्हा वाटलं, खरं असलं तर? पोरींच्या जिवाशी खेळ नको. म्हणून मी कळवलं. आयुष्यात एकदा संशय गिळला, आणि तो त्या रसवाल्याला भोवला."

त्या मला घेऊन थेट दुकानात गेल्या. रविवार असला तरी नाना दुकानात होते. बाईंना बघून ते उभे राहिले, आणि माझा चेहरा बघून पुन्हा बसले.

"लचके, शाळेत मी काही बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "गणवेश तुमचेच राहतील. उलट्यांच्या त्या दोघी तर केव्हाच बऱ्या झाल्या. उद्या मी नगरपालिकेत जाऊन सांगते, मुलीला कावीळ नव्हती, माझी समजूत चुकली. ती चूक मी माझ्या नावावर घेते. पण त्या रसवाल्याला तुम्ही सांगायचं. ते मी करणार नाही."

"सांगतो, बाई," नाना म्हणाले. त्यांना मान वर करवत नव्हती. "काय करणार, मे महिन्यात परवडत नाही हो आम्हाला."

"ते मला कळतं. माझी मुलंही कुठे मोठी हिंडली आहेत?" बाईंनी छत्री उचलली. "समुद्र निम्म्या भावात पडला ना? उरलेला निम्मा कोण भरतंय, ते एकदा फाटकाशी येऊन बघा."

तिसऱ्या दिवशी रसवंती उघडली. घुंगरू वाजायला लागले तेव्हा मला वर्गात हसू आवरेना. पण मधल्या सुटीत फाटकाशी गेले तर मांडवात कोणी नव्हतं. घरोघरच्या आयांनी पोरींना बजावून ठेवलं होतं. 'कावीळवाली रसवंती' असं तिला नाव पडलं होतं, आणि कागद निघाला तरी ते नाव निघालं नाही. कोंडिबा रिकामंच चाक थोडं फिरवायचा, आवाज व्हावा म्हणून.

नाना मग रोज संध्याकाळी आम्हा दोघींना घेऊन तिथे जायला लागले. रस्त्याकडे तोंड करून बसायचे आणि मोठ्यानं तीन ग्लास सांगायचे. लोकांनी त्याचाही अर्थ काढलाच. "ज्याच्या पोरीला झाली तोच परत पाजतो? कोंडिबानं शिंप्याला पैसे चारले असणार." एकदा का संशयाची चटक लागली की गावाला दुसरं काही गोड लागत नाही.

"कोंडिबा, एक सांगायचं होतं," नाना म्हणायचे.

"बोला की नाना."

"जरा लिंबू जास्त पिळ."

असं मी किती वेळा ऐकलं. कधी लिंबू, कधी आलं. घरी येताना आई चालता चालता म्हणायची, "आज तरी सांगायचं होतं." नाना म्हणायचे, "उद्या." मार्च संपला. आमच्या परीक्षा झाल्या. बाई रस्त्यात भेटल्या की नाना पलीकडच्या बाजूला जायचे.

एप्रिलच्या शेवटी, उन्हाळा ऐन भरात येत असताना, शाळेला सुटी लागली त्याच दिवशी एक मुलगी दुकानात सांगत आली की रसवंतीवाले चाललेत. नानांपुढे गणवेशाच्या कापडाचे तागे पडले होते. ते गळ्यात टेप तशीच ठेवून निघाले, मी त्यांच्या मागे.

मांडव उतरवलेला होता. चरक टेंपोत चढवून झाला होता आणि कोंडिबा त्याला दोरी आवळत होता.

"एवढ्यात?" नाना म्हणाले. "आत्ता तर सीझन लागतोय."

"लागंल त्याला लागंल," कोंडिबा म्हणाला. "फुडल्या साली दुसरं गाव बघतो. हितं काय पानी लागंना."

नानांनी उरलेला बांबू उचलून टेंपोत घातला. मग दुसरा. मग काही उचलायला राहिलं नाही, तरी ते तसेच उभे. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

इंदूमावशीनं माझ्या गालावरून हात फिरवला. "जप गं बाळा. बरफाचं काय खाऊ नगंस."

"मावशी, मला कावीळ झालीच नव्हती," मी म्हणाले. "आम्ही समुद्र बघायला गेलो होतो. सुटीत महाग पडतो म्हणून शाळा बुडवून गेलो. बर्फाचं मी बाईंना खोटं सांगितलं."

नानांचा हात माझ्या खांद्यावर आवळला गेला आणि मग सैल पडला.

"पोरीचं काही नाही, कोंडिबा," ते म्हणाले. "सगळं माझं. मला तुला सांगायचं होतं."

कोंडिबानं दोरी सोडली. तो टेंपोतून खाली उतरला आणि नानांच्या समोर येऊन उभा राहिला. मला वाटलं, आता हा मारणार. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"नाना," तो म्हणाला, "दीड म्हैना तुमी रोज हितं बसत व्हता. माझ्यासमोर. एक दिस बोलला असता तर मी हितं पाटी लावून बसलो असतो, का बाबांनो, पोरगी बरी व्हती. माझा उन्हाळा राहिला असता."

नानांनी खिशात हात घातला. कोंडिबानं तो बघितला आणि पाठ फिरवली. पुढच्या बाजूला जाऊन तो ड्रायव्हरशेजारी बसला आणि दार लावून घेतलं.

इंदूमावशी मात्र जागची हलली नव्हती. ती माझ्याकडे एकटक बघत होती. मी रडत होते आणि शिव्यांची वाट बघत होते.

"समुद्र," ती म्हणाली. "उन्हाळ्यात आमाला कुटली सवड. लई मोटा असतोय का गं?"

"हो," मी म्हणाले.

टेंपो सुरू झाला होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. तरी ती तशीच उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत, कारण एवढ्या उत्तरानं तिचं भागलं नव्हतं.